पेशीत दडलेला माकडताप कसा सापडतो?

मालवणचा किनारा सोडून आत गेलं की सह्याद्रीच्या पायथ्याशी दोडामार्ग लागतो. २०१६च्या सुरुवातीला तिथल्या केर गावात तापाने माणसं फणफणली. रानात माकडंही मरून पडत होती. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या तपासणीत निदान झालं, माकडताप. १९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात पहिल्यांदा सापडलेला हा विषाणू गोचिडीच्या चाव्यातून माणसात येतो. गोचिडींचा जोर नेमका काजूच्या हंगामात असतो, म्हणजे माणसं बिया वेचायला बागेत असतात तेव्हाच.

रक्तात फिरणारा विषाणू प्रतिपिंडांच्या हाती लागतो. पण एकदा का तो पेशीच्या आत शिरला, की प्रतिपिंडं बाहेरच राहतात. मग आतल्या विषाणूचा पत्ता लागतो कसा?

पेशी स्वतःच तो देते. आपली जुनी-नवी प्रथिनं ती सतत तोडत असते. विषाणू आत असेल तर त्याचीही प्रथिनं तुटतात. त्यातले साधारण आठ ते दहा अमिनो आम्लांचे तुकडे, म्हणजे पेप्टाइड, एचएलए नावाच्या प्रथिनात बसून पेशीच्या पृष्ठभागावर येतात. १९८७ साली अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात पामेला ब्योर्कमन आणि सहकाऱ्यांनी या प्रथिनाची रचना उलगडली. बागेला पाणी नेणाऱ्या पोफळीच्या पन्हळीसारखा त्याला खोलगट तळ आणि दोन काठ आहेत. तुकडा त्या खोबणीत आडवा बसतो.

रोगप्रतिकार यंत्रणेतली मारक टी पेशी तो तुकडा आणि खोबणीचे काठ दोन्ही एकदमच चाचपते. नुसत्या तुकड्याने तिचं समाधान होत नाही. रॉल्फ झिंकरनागेल आणि पीटर डोहर्टी यांनी १९७४ साली ऑस्ट्रेलियात उंदरांवरच्या प्रयोगांतून हे दाखवलं. १९९६चं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं. ओळख पटली की टी पेशी त्या बाधित पेशीलाच मारते.

मग पेशी स्वतःच्या प्रथिनांचे तुकडेही दाखवते, त्यांचं काय? त्यांच्यावर उठणाऱ्या बहुतेक टी पेशी छातीतल्या थायमस ग्रंथीतच बाद होतात.

मणिपालच्या संशोधकांनी माकडतापाच्या रुग्णांचं रक्त तपासून २०२०मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. आजाराच्या सुरुवातीच्या काळात या मारक, म्हणजे सीडी-८ टी पेशी मोठ्या संख्येने चेतलेल्या दिसल्या.

लसीचा प्रश्न इथेच गुंततो. माकडतापाची जुनी लस फॉर्मॅलिनने मारलेल्या विषाणूची होती आणि तिचे डोस पुन्हा पुन्हा घ्यावे लागत. मेलेला विषाणू पेशीत शिरून आपली प्रथिनं बनवत नाही, त्यामुळे अशा लसींनी प्रतिपिंडं तयार झाली तरी मारक टी पेशी फारशा जाग्या होत नाहीत. शिवाय एचएलएचे हजारो प्रकार आहेत. प्रत्येकाचे निम्मे आईकडून, निम्मे वडिलांकडून येतात, त्यामुळे एका घरातही कोणाच्या खोबणीत विषाणूचा कुठला तुकडा बसेल हे बदलतं. टी पेशींना जागवणारी लस बनवायची तर विषाणूचे असे तुकडे निवडावे लागतील, जे दोडामार्गच्या आणि शिमोग्याच्या बहुसंख्य लोकांच्या खोबणीत बसतील.