बँडिटलँडचा हिवाळा

न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम टोकाला, ईरी सरोवराच्या काठी वसलेल्या बफेलो शहराला पराभव नवा नाही. इथला फुटबॉल संघ 'बिल्स' 1991 ते 1994 अशी सलग चार वर्षं सुपर बोल या अंतिम सामन्यापर्यंत पोचला आणि चारही वेळा हरून परतला. आइस हॉकीचा 'सेबर्स' 1970 पासून खेळतोय, पण स्टॅनले कप त्याच्या हाती कधी लागला नाही. 2011 नंतर तर सलग 14 हंगाम त्याला प्लेऑफचंही तोंड दिसलं नाही. मात्र सेबर्स खेळतो त्याच कीबँक सेंटरमध्ये शहराचा आणखी एक संघ खेळतो आणि तो सात वेळा विजेता ठरला आहे: 1992, 1993, 1996, 2008 आणि मग ओळीनं 2023, 2024, 2025. हा लॅक्रॉसचा संघ, बफेलो बँडिट्स. त्याची पहिली दोन विजेतेपदं आली ती नेमकी बिल्स हरत होते त्याच वर्षांत.

म्हणूनच डिसेंबर उजाडला, सरोवरावरून बर्फाचे लोट येऊ लागले, की शहरातली माणसं काळे-केशरी शर्ट चढवून शनिवारी रात्री बाहेर पडतात. सुमारे 19 हजार खुर्च्यांचं ते सभागृह अलीकडे लॅक्रॉससाठी भरतं, आणि नॅशनल लॅक्रॉस लीगमध्ये सगळ्यात जास्त गर्दी इथलीच असते. चाहत्यांनी त्या जागेचं नावच 'बँडिटलँड' करून टाकलं आहे. आमच्यासारखी क्रिकेटवर वाढलेली मराठी माणसंही एकदा तिथे गेली की पुढचं वेळापत्रक विचारूनच बाहेर पडतात.

लॅक्रॉस मूळचा मैदानी खेळ. 1931 च्या सुमारास कॅनडातल्या हॉकी संघांच्या मालकांना उन्हाळ्यात रिकाम्या पडणाऱ्या रिंकसाठी काहीतरी हवं होतं. त्यांनी हा खेळ आत आणला आणि 'बॉक्स लॅक्रॉस' जन्माला आला. आज बफेलोत बर्फाच्या रिंकवरच कृत्रिम गवत अंथरतात. कडेच्या फळ्या तशाच राहतात, त्यामुळे चेंडू त्यांवर आपटून परत खेळात येतो. गोलकीपर धरून एका बाजूला सहा जण. पंधरा-पंधरा मिनिटांचे चार डाव. चेंडू भरीव रबराचा, क्रिकेटच्या चेंडूपेक्षा किंचित लहान आणि हलका, पण लागला तर दिवसभर आठवण राहील असा. कबड्डीच्या चढाईला असतात तशी इथे प्रत्येक हल्ल्याला 30 सेकंदं. तेवढ्यात गोलवर फटका गेला नाही तर चेंडू समोरच्यांचा. आणि या सगळ्याच्या वर, खेळ चालू असतानाही, स्पीकरवर गाणी धडधडत असतात.

नवख्याला पहिल्या सामन्यात सगळा गोंधळच दिसतो. जवळ बसलेला एखादा जुना चाहता मग सांगतो, की चेंडू सोड, काठ्या बघ. काठीच्या टोकाच्या जाळीत चेंडू धरून मनगट सतत झुलवत पळायचं असतं. झुलवणं थांबलं की चेंडू निसटलाच समजा. डावखुरे मैदानाच्या उजव्या बाजूनं हल्ला करतात आणि उजवे डाव्या बाजूनं, म्हणजे दोघांच्याही काठ्या गोलसमोरच्या मोकळ्या जागेकडे राहतात. गोल चार फूट उंच आणि पावणेपाच फूट रुंद. त्यासमोर पॅडनी फुगलेला कीपर उभा राहिला की आत जागाच दिसत नाही. मग एकजण दुसऱ्याच्या बचावपटूला अंगानं अडवतो, तेवढ्या क्षणभरात दुसरा मोकळा होतो, आणि चेंडू जमिनीवर टप्पा घेऊन कीपरच्या घोट्याशेजारून आत. ताबा बदलला की हल्ला करणारे बाकाकडे धाव घेतात आणि त्यांच्या जागी बचाववाले उडी मारून उतरतात. ही अदलाबदल उशिरा झाली की गोल बसलाच. गॅलरी आधी ओरडते ती याच क्षणी.

हंगाम 18 सामन्यांचा. नऊ घरी, नऊ बाहेर, जवळपास सगळे शनिवार-रविवारच्या आसपास. त्याला कारण आहे. या लीगमध्ये मिळणाऱ्या पैशावर फार थोड्यांचं घर चालतं, त्यामुळे बहुतेक खेळाडू आठवडाभर नोकरी करतात आणि शुक्रवारी विमान किंवा गाडी पकडतात. संघाचा सर्वांत मोठा खेळाडू जॉन टव्हारेस याचंच बघा. 1992 च्या पहिल्या हंगामापासून 2015 पर्यंत तो या लीगमध्ये फक्त बँडिट्सकडूनच खेळला, आणि त्याच काळात टोरोंटोजवळच्या मिसिसागात शाळेत गणित शिकवत होता. निवृत्त झाला तेव्हा लीगच्या इतिहासात त्याच्याइतके गुण कुणाचेच नव्हते. त्याचा 11 क्रमांक संघानं कायमचा राखून ठेवला आहे. हॉकीतला त्याच नावाचा तारा त्याचा पुतण्या. अलीकडच्या तिन्ही विजेतेपदांच्या वेळी मुख्य प्रशिक्षक होता तो हाच गणिताचा मास्तर.

त्याच्या हाताखाली खेळला तो डेन स्मिथ. 2016 मध्ये त्यानं एका हंगामात 72 गोल आणि 65 असिस्ट, असे 137 गुण काढून लीगचा विक्रम केला होता. गोलमध्ये मॅट विंक, चाळिशी ओलांडूनही हटायचं नाव न घेणारा. आणि तरी 2008 नंतर कप यायला 15 वर्षं लागली. 2016, 2019 आणि 2022 अशा तीन अंतिम फेऱ्या हरल्या. 2022 ला कोलोरॅडोनं हिसकावलेला कप 2023 मध्ये कोलोरॅडोलाच हरवून परत आणला. 2024 ला ऑल्बनी, आणि 2025 ला तिसऱ्या, निर्णायक सामन्यात सस्कॅचेवन. लीगची उपांत्यपूर्व फेरी एकाच सामन्याची असते. डिसेंबरपासून जमवलेलं सगळं एका रात्रीत जाऊ शकतं. त्यामुळे एप्रिलअखेरीस गावातल्या माणसांची झोप उडालेली असते.

पण बफेलोत हा खेळ बाहेरून आलेला नाही, हे इथे पाहुणा म्हणून आलेल्यानं आधी समजून घ्यायला हवं. ही जमीन सेनेका लोकांची. मोहॉक, ओनायडा, ओनोंडागा, कयुगा, सेनेका आणि टस्करोरा या सहा राष्ट्रांचा संघ म्हणजे हौडेनोशौनी. त्यांच्यासाठी लॅक्रॉस ही निर्मात्यानं दिलेली देणगी आहे. समाजात कुणी आजारी असेल तर बरं वाटावं म्हणूनही तो खेळतात. हिकरीचं लाकूड चिरून, वाफेवर वाकवून, महिनोन्महिने वाळवून काठी घडवणारे कारागीर अजून आहेत. त्यांतले नामवंत ओनोंडागा कारागीर अल्फी जॅक्स 2023 मध्ये गेले. 1970 नंतर प्लॅस्टिकचं डोकं आलं आणि काठ्या दुकानात मिळू लागल्या, पण खेळाडू आजही या सहा राष्ट्रांच्या वस्त्यांतून येतात. टस्करोरा असलेला डॅरिस किल्गोर 1992, 1993 आणि 1996 चे कप खेळाडू म्हणून जिंकला आणि 2008 चा प्रशिक्षक म्हणून. आजच्या संघात ग्रँड रिव्हरच्या वस्तीतला तेहोका नँटिकोक आहे. सभागृहात त्याच्या नावाचा गजर होतो तेव्हा आरोळी देणाऱ्यांत त्याच वस्त्यांतून गाडी काढून आलेली कुटुंबंही असतात.

जगाच्या मैदानावर मात्र हौडेनोशौनींची वाट सोपी नाही. 1904 च्या सेंट लुइस ऑलिंपिकमध्ये मोहॉकांच्या संघानं कांस्यपदक मिळवलं होतं. पण 2010 मध्ये मँचेस्टरच्या विश्वस्पर्धेला निघालेल्या हौडेनोशौनींच्या संघाला, स्वतःच्या राष्ट्राचे पासपोर्ट ब्रिटननं मानले नाहीत म्हणून, मुकावं लागलं. 2022 च्या वर्ल्ड गेम्ससाठी तर आयर्लंडनं आपली जागा सोडून त्यांना वाट करून दिली.

ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात 2028 च्या लॉस एंजेलिससाठी क्रिकेटबरोबर लॅक्रॉसलाही प्रवेश मिळाला. आपल्याकडे बातमी झाली ती क्रिकेटची. बफेलोत आणि सहा राष्ट्रांच्या वस्त्यांत ती लॅक्रॉसची होती. ऑलिंपिकचा नियम सांगतो, की मान्यताप्राप्त राष्ट्रीय समिती असेल तरच संघ उतरू शकतो, आणि हौडेनोशौनींकडे ती नाही. नियमाला धरून त्यांना बाहेर ठेवता येईल, पण ज्यांनी खेळ दिला त्यांच्याशिवाय दिलेलं सुवर्णपदक अपुरंच राहील. 2028 मध्ये क्रिकेट बघायला बसाल तेव्हा चॅनेल बदलून लॅक्रॉसचाही एखादा सामना जरूर बघा, आणि उतरलेल्या संघांच्या यादीत हौडेनोशौनींचं नाव आहे का, ते आधी तपासा.