बाबागाडीची वाकळ

बाबागाडी तुम्ही पाहिली असेल. लहान चाकांची, बाळाला बसवून मागून ढकलायची गाडी. इंग्लंडमध्ये 1733 साली विल्यम केंट या वास्तुकाराने ड्यूक ऑफ डेव्हनशर यांच्या मुलांसाठी अशी एक गाडी बनवली. तिचा आकार शिंपल्यासारखा होता आणि ती ओढायला बकरी किंवा लहान तट्टू जुंपायचे. तेव्हा ही फक्त श्रीमंतांची हौस होती. पुढे 1965 साली ओवेन मॅक्लारेन या विमानांचे काम जाणणाऱ्या अभियंत्याने ॲल्युमिनियमच्या नळ्यांची, छत्रीसारखी मिटणारी हलकी गाडी तयार केली. आज आपल्या गावांत दिसणाऱ्या पुष्कळ बाबागाड्या त्याच जातीच्या आहेत. मिटली की ती काखेत मावते, एस.टी.तही नेता येते. एका घरातले बाळ मोठे झाले की ती दुसऱ्या घरी जाते. खालाकडून आपाकडे, आपाकडून शेजारी.

पण मिटण्याच्या या सोयीसाठी गाडीची बैठक पातळ ठेवावी लागते. ती बहुधा नायलॉनसारख्या कापडाची असते. तिच्यात घाम जिरत नाही आणि बाजूच्या नळ्या बाळाला टोचतात. मग घरातली माणसे काय करतात? टॉवेलची घडी टाकतात, नाहीतर उशी ठेवतात. टॉवेल थोड्या वेळात सरकून बाळाच्या पायाशी गोळा होतो. उशी मात्र त्याहून वाईट. मऊ उशीत तोंड दाबले गेले तर लहान बाळाला स्वतःहून मान फिरवता येत नाही आणि त्याचा श्वास कोंडू शकतो. म्हणून गाडीच्या मापाचीच, जागेवरून न हलणारी एक पातळ गादी शिवावी. आपल्या कोल्हापूरकडे जुन्या कापडांच्या थरांच्या अशा शिवणीला वाकळ म्हणतात. इतर ठिकाणी तिला गोधडी म्हणतात. आपल्या घरात दादी किंवा नानी तिला गुदडी म्हणत असेल. गोधडी आणि गुदडी हे दोन शब्द एकमेकांच्या किती जवळचे आहेत ते उच्चारून पाहा.

ही कला एकाच गावाची नाही. बंगालमध्ये जुन्या साड्यांची कांथा शिवतात आणि पूर्वी तिच्यासाठी लागणारा रंगीत दोरा साडीच्या काठातून उसवून काढत. सिंधमध्ये रल्ली असते. आपल्या शेजारच्या कर्नाटकात, उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी समाजाच्या स्त्रिया कवंदी शिवतात. कवंदीचे काम कडेपासून सुरू होते आणि गोल फिरत मध्यावर संपते. शेवटी चारही कोपऱ्यांवर कापडाचे तिकोनी फूल शिवतात. फूल नसेल तर कवंदी पुरी झाली असे त्या मानत नाहीत. या सगळ्या शिवणींत नवे कापड कमी आणि वापरलेले कापड जास्त असते. याचे एकच कारण काटकसर असे समजू नका. दोनशे वेळा धुतलेल्या सुती कापडाइतके मऊ नवे कापड कोणत्याच दुकानात मिळत नाही.

आता गगनबावड्याकडे वळू. कोल्हापूरपासून पश्चिमेला सुमारे 55 किलोमीटरवर, सह्याद्रीच्या अगदी माथ्यावर हे गाव आहे. येथून करूळ आणि भुईबावडा असे दोन घाट कोकणात उतरतात. कोल्हापूर शहरात वर्षाला सुमारे 1,000 मिलिमीटर पाऊस पडतो. गगनबावड्यात तो 5,000 मिलिमीटरच्या पुढे जातो. जून ते सप्टेंबर घराबाहेर धुके आणि घरात ओल. या दिवसांत जाड वाकळ धुतली तर आठ आठ दिवस वाळत नाही. दमट राहिली की तिला कुबट वास येतो आणि बुरशीचे काळे ठिपके पडतात. बाळाची गादी तर रोजच भिजणारी. म्हणून ती शिवताना पहिला प्रश्न ‘किती मऊ?’ हा नसून ‘किती लवकर वाळेल?’ हा असला पाहिजे. गगनबावड्याच्या पावसात जी टिकेल ती सोलापुरात किंवा मालेगावात सहज टिकेल.

आत काय भरावे याचे उत्तरही यातूनच मिळते. स्पंज पाणी धरून ठेवतो. सुटा कापूस धुतला की त्याचे गोळे होतात. कापूस पिंजून गाद्या भरणाऱ्या पिंजाऱ्यांना अरबीत नद्दाफ म्हणतात आणि कोल्हापूर-सांगलीकडे नदाफ हे आडनाव त्यावरूनच आले आहे. आपल्या वर्गातही एखादा नदाफ असेल. त्यांच्या हातची गादी झोपायला उत्तम, पण ती उन्हात तापवायची वस्तू आहे, पाण्यात बुडवायची नाही. धुवायच्या गादीसाठी जुन्या सुती कापडाचे थरच चांगले. थरांच्या मध्ये थोडी हवा अडकून राहते, तिच्यामुळे ऊब मिळते, आणि पाणीही लवकर निथळते.

कापड किती लागेल ते पाहू. समजा गाडीची पाठ 45 सेंटिमीटर उंच, बैठक 25 सेंटिमीटर खोल आणि पायांखालचा भाग 20 सेंटिमीटर आहे. ही एकूण लांबी 90 सेंटिमीटर झाली. रुंदी 35 धरू. शिवताना कापड आवळते, म्हणून चारही बाजूंना 3 सेंटिमीटर जास्त ठेवायचे. म्हणजे एक तुकडा 96 बाय 41 सेंटिमीटरचा. 150 बाय 225 सेंटिमीटरच्या एका जुन्या चादरीतून असे सहा तुकडे निघतात. आपल्याला पाचच हवेत, वरचा, खालचा आणि मधले तीन. उरलेल्या कापडात पट्ट्या होतात. वरच्या तुकड्यासाठी फिका रंग निवडा, म्हणजे मुंगी किंवा एखादा किडा चटकन दिसतो. रंगीत कापड असेल तर पांढरी ओली चिंधी त्यावर घासून पाहा. चिंधीला रंग लागला तर ते कापड बाजूला ठेवा, कारण बाळ गादीची कड चोखणारच.

प्रत्येक गाडीचे माप वेगळे असते. म्हणून आधी वर्तमानपत्राचा कागदी बेत करा. कागद बैठकीवर नीट दाबून बसवा, कडा आखून घ्या, आणि पट्टे जेथून बाहेर येतात त्या प्रत्येक ठिकाणी बोटाने दाबून पेन्सिलने खूण करा. चांगल्या गाडीला पाच पट्टे असतात. दोन खांद्यांवरचे, दोन कमरेचे आणि एक दोन पायांमधला. काही गाड्यांत खांद्याच्या पट्ट्यांसाठी खालीवर दोन-तीन जागा असतात. त्या सर्व जागांच्या खुणा आताच करा, म्हणजे बाळ वाढले तरी गादी बदलावी लागणार नाही. मी पाहिलेल्या बहुतेक घरगुती गाद्यांत हीच गोष्ट राहून गेलेली असते. गादी सुंदर, वर नक्षीही, आणि पट्टे मात्र तिच्याखाली दडलेले. गगनबावड्याच्या चढउताराच्या रस्त्यावर पट्टा न लावता बाळाला बसवणे म्हणजे गाडी आणि बाळ दोन्ही सोडून देण्यासारखे आहे.

शिवणकामाचे अनेक शब्द मराठीत आणि उर्दूत सारखेच आहेत. अस्तर, गोट, बखिया, काज हे शब्द तुम्हांला शिकवायला नकोत. सुई टोचू नये म्हणून बोटात घालतात ते अंगुस्तान, म्हणजे उर्दूतला अंगुश्ताना. फक्त तुमची कैची येथे कात्री होते आणि दर्जी येथे शिंपी होतो.

खालचा तुकडा उलटा पसरा. त्यावर मधले तीन तुकडे, सर्वांत वर फिका तुकडा सुलटा. हाताने मध्यापासून कडेकडे सुरकुत्या काढा आणि लांब कच्चे टाके घालून सगळे थर बांधून घ्या. घाई करणारे येथेच चुकतात. कच्चे टाके नसले की थर सरकतात आणि शेवटी एका कोपऱ्यात फुगवटा येतो. आता सुती दोऱ्याने धावदोऱ्याच्या सरळ ओळी घाला. दोन ओळींत सुमारे अडीच सेंटिमीटर अंतर असावे. पाठ आणि बैठक जेथे मिळतात, तसेच बैठक आणि पायांचा भाग जेथे मिळतात, तेथे आडवी दुहेरी ओळ घाला. तेथून गादी सहज वाकते. एक उभी ओळ बरोबर मध्यातून जाऊ द्या, म्हणजे गाडी मिटताना गादीही मिटेल.

ओळी पूर्ण झाल्यावरच कागदी बेत पुन्हा वर ठेवा, जास्तीचे कापड कापा आणि पट्ट्यांच्या खुणा गादीवर उतरवा. आता काज करायचे. प्रत्येक खुणेभोवती लांबट चौकोन आखून त्यावर दोनदा बखिया घाला, मगच मधोमध कात्रीने चीर द्या आणि कडेने काजाचा टाका घाला. आधी कापून नंतर शिवायला गेलात तर पाचही थर उसवतील. चिरेची लांबी पट्ट्याच्या रुंदीवरून ठरवू नका. पट्ट्याच्या टोकाचे बक्कल पट्ट्यापेक्षा रुंद असते आणि तेही काजातून पार झाले पाहिजे.

चार सेंटिमीटर रुंद तिरक्या पट्टीची गोट कडेने फिरवा. वरच्या टोकाला मागच्या बाजूने बारा सेंटिमीटरचा एक खिसा शिवा आणि तो गाडीच्या पाठीवर टोपीसारखा चढवा. खाली दोन्ही बाजूंना नाड्या लावून त्या मागच्या नळ्यांना बांधा. नाडी वीस सेंटिमीटरपेक्षा लांब नको. लांब नाडी चाकात अडकते आणि बाळाच्या गळ्याभोवतीही येऊ शकते. बटणे, मणी, आरसे यांतले काहीही लावू नका. काम सुरू करताना किती सुया आणि टाचण्या घेतल्या ते मोजून लिहून ठेवा आणि संपल्यावर पुन्हा मोजा. एक कमी भरली तर ती सापडेपर्यंत गादी गाडीवर चढवू नका.

गादी फार जाड झाली की नाही ते ओळखण्याची एक सोपी परीक्षा आहे. गादी घालून बाळाला बसवा आणि पट्टे नीट आवळा. पट्टा आणि बाळाची छाती यांत दोन बोटे जातील एवढीच जागा असावी. आता बाळाला उचला, पण पट्ट्यांची लांबी बदलू नका. गादी काढून बाळाला पुन्हा त्याच पट्ट्यांत बसवा. पट्टे आता बरेच सैल पडले तर गादी जाड आहे. धक्का बसला की जाड गादी दबते आणि तेवढाच पट्टा सैल होतो. अशा वेळी मधला एक थर कमी करून दुसरी गादी शिवा. पाच थरांची गादी सहसा या परीक्षेत उतरते.

गादी कितीही चांगली झाली तरी बाबागाडी हा पाळणा नाही. ताठ बैठकीच्या गाडीत सहा महिन्यांच्या आतील बाळाला बसवू नये, कारण त्याची मान अजून सावरत नाही. बाळ गाडीत झोपी गेले तर घरी आल्यावर त्याला काढून सपाट अंथरुणावर उताणे निजवावे. ऊन लागते म्हणून गाडीवर चादर टाकून ती झाकू नये. आतली हवा थोड्याच वेळात खूप तापते.

अशा दोन गाद्या शिवा. एक गाडीवर, एक दोरीवर. गगनबावड्यात पावसाळ्यात कपडे घराच्या आतच वाळवतात. पण चुलीच्या अगदी वर गादी टांगू नका. धुराचा वास कापडात बसतो आणि ठिणगीही उडू शकते. दोरी चुलीपासून दूर, वारा फिरेल अशा जागी बांधा. गादी वरून कोरडी वाटली तरी लगेच चढवू नका. काजांच्या आणि गोटीच्या कडा चिमटीत दाबून पाहा. तेथे कापड सर्वांत जाड असते आणि ओल तेथेच शेवटपर्यंत राहते.