इंग्रजी लेखनातील अडचणी

मराठी माध्यमातून शालान्त परीक्षा उत्तीर्ण होऊन जो विद्यार्थी विद्यापीठाच्या दप्तरी दाखल होतो, त्याला इंग्रजी निबंध लिहिताना विचारांची उणीव बहुधा भासत नाही. अडथळा येतो तो रचनेत, कारण मराठीत क्रियापद सामान्यतः वाक्याच्या अखेरीस येते व शब्दयोगी अव्यये नामास मागून जोडली जातात, इंग्रजीत हा क्रम उलटा, आणि ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ या उपपदांना तर मराठीत नेमके प्रतिरूपच नाही. अशा चुका केवळ अज्ञानाच्या निदर्शक नसून शिकणाऱ्याच्या मनात घडत असलेल्या भाषाव्यवस्थेचा पुरावा होत, हे भाषाशास्त्रज्ञ पिट कॉर्डर यांनी १९६७ साली प्रतिपादिले. तरी उत्तरपत्रिकेवरील तांबड्या खुणांपलीकडे मार्गदर्शन क्वचितच लाभते, ही खेदाची बाब आहे.

मग विद्यार्थी स्वतःच तोड काढतात: कोणी मुद्दे आधी मराठीत मांडतो (ही पद्धत मुळीच निषिद्ध मानू नये), कोणी शंकास्पद रचना टाळतो, तर कोणी मार्गदर्शिकांतील उतारे मुखोद्गत करतो, आणि या शेवटच्या उपायाने परीक्षेपुरते तारले तरी लेखनशक्ती खुंटते. प्राध्यापकांस विनंती की, पहिला खर्डा केवळ आशयापुरता तपासून परत द्यावा व व्याकरणाची दुरुस्ती दुसऱ्या खर्ड्यावर करावी.