मजुराचें घर आणि शेतकऱ्याचें दान

बांधावरच्या झोपडींत राहणारा गडी ही आपल्याकडे नवी गोष्ट नव्हे. जागा मालकाची, कूड व छप्पर गड्याचें. मालकाची मर्जी फिरली कीं गड्यानें वासे उपसून चालूं लागावें, असा रिवाज पुष्कळ गांवीं चालत आला. अशा कुटुंबास घर द्यावें असें म्हणणारे सज्जन बरेच भेटतात. तें कसें द्यावें याचा विचार करणारे थोडे. म्हणून अमेरिकेंतील एका शेतावरची हकीकत आमच्या शेतकरी बंधूंपुढें ठेवीत आहों.

जॉर्जिया संस्थानांत अमेरिकस गांवाजवळ १९४२ सालीं क्लॅरेन्स जॉर्डन व त्यांच्या सोबत्यांनीं ४४० एकरांवर 'कॉइनोनिया' नांवाचें शेत सुरू केलें. जॉर्डन धर्मोपदेशक खरे. पण त्यांची पहिली पदवी शेतकीची होती. गोऱ्यांनीं व काळ्यांनीं एका पंगतीस बसावें, एका शेतांत सारख्या नात्यानें राबावें, हा त्यांचा आग्रह. त्यापायीं १९५६ पासून भोंवतालच्या लोकांनीं शेतावर बहिष्कार घातला, गोळ्याही झाडल्या. तेव्हां अक्रोडासारखें पीकन नांवाचें फळ टपालानें दूरच्या गिऱ्हाइकांस विकून या मंडळींनीं दिवस काढले.

१९६८ सालीं त्यांना मिलर्ड फुलर हे वकील येऊन मिळाले. तरुणपणींच लक्षाधीश होऊन त्यांनीं आपली संपत्ति दान करून टाकली होती. शेजारचीं मजूर कुटुंबें गळक्या खोपटांत राहत. गरिबास भिक्षा नको, भांडवल हवें, असें जॉर्डन यांचें मत. दोघांनीं शेताच्या एका अंगास अर्ध्या अर्ध्या एकराच्या जागा आंखल्या. देणग्या व बिनव्याजी कर्जें गोळा करून एक निधि उभारला आणि त्यांतून घरें बांधण्यास आरंभ केला. घर फुकट द्यावयाचें नाहीं, नफाही घ्यावयाचा नाहीं. जो खर्च आला तोच वीस वर्षांच्या हप्त्यांनीं, व्याजावांचून, फेडावयाचा. आणि हप्ता निधींत पडून त्यांतून पुढल्याचें घर उठावयाचें. आपल्याकडे सावकार बीं देई आणि सवाईनें किंवा दिढीनें परत घेई. येथें पायली दिली, पायलीच घेतली.

हिशेब करून पाहावा. एक घर चार लाखांचें धरलें तर वर्षाचा हप्ता वीस हजार. वीस घरांच्या हप्त्यांतून दरसाल एकविसावें घर निघतें. सिमेंटाचा व लोखंडाचा भाव मात्र थांबत नाहीं, म्हणून नव्या देणग्यांचें पाणी निधीला लागतेंच. पण तेवढ्यानें पहिलें दान संपत नाहीं, हें महत्त्वाचें.

पहिलें घर पुरें होण्यापूर्वींच, १९६९ सालीं, जॉर्डन वारले. फुलर यांनीं पुढें आफ्रिकेंत झाईर देशीं हा प्रयोग करून १९७६ मध्यें 'हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी' ही संस्था काढली. घर घेणाऱ्या कुटुंबानें आपले हात बांधकामास लावावे, ही तिची अट. अमेरिकसच्या शेजारगांवचे भुईमुगाचे शेतकरी, माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर, १९८४ पासून या कामांत उतरले. २००६ सालीं लोणावळ्याजवळ शंभर घरांचें काम झालें, तेव्हां वयाच्या ८२ व्या वर्षीं तेही तेथें राबत होते. असला थोर पाहुणा आठवडाभर येतो नि जातो. हप्ते वसूल करण्याचें नीरस काम वीस वर्षें करणारा कारकून मात्र कोणाच्या ध्यानींमनीं नसतो. आमच्या मतें खरा आधार त्याचाच.

आपल्या वाचकांजवळ रोकड बेताची, पण जमीन आहे. गांवठाणाला लागून दोन गुंठे देण्याची ऐपत अनेकांस आहे, आणि घराच्या कामीं जागेइतकें अडणारें दुसरें कांहीं नाहीं. तोंडी शब्दानें मात्र ती दिली जात नाहीं. पुढली पिढी तो शब्द मोडते. दानपत्र दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशीं नोंदवावें, आणि त्यांत घरधनिणीचेंही नांव असावें. तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासूनचा आहे. तेव्हां दस्त करण्याआधीं तलाठ्याकडे चौकशी करावी, आणि फेरफार मंजूर झाल्याखेरीज पाया खणूं नये.