मोसंबीचं खोड टाकीत नको
घरातलं मत्स्यालय : लेखांक ६

जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे. पण २०१२-१३च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या कितीतरी बागा उभ्या वाळल्या आणि खोडं सरपणाला गेली. आजही बांधावर तशी एखादी पिळदार, वाकडीतिकडी फांदी दिसली की मासे पाळणाऱ्याचा हात शिवशिवतो. दुकानात पैसे मोजण्यापेक्षा हे फुकटचं काय वाईट?

वाईट आहे ते सालीत. डिंक्या रोग होऊ नये म्हणून बागायतदार खोडाला बोर्डो पेस्ट लावतात. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि दहा लिटर पाणी, असं तिचं प्रमाण. मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार, आणि टाकीतल्या कोळंबी-गोगलगायींना तांब्याचा अगदी थोडा अंशही सोसत नाही. शिवाय वर्षानुवर्षांच्या फवारण्या असतातच. उकळल्याने बुरशी मरते, तांबं तिथेच राहतं.

मग घ्यायचं काय? परसातल्या, कधीही न फवारलेल्या पेरूची किंवा जांभळाची वाळलेली फांदी. जांभळाचं लाकूड तर पाण्यात टिकण्याबद्दल प्रसिद्धच. कडुनिंब, कण्हेर, रुई यांच्या वाटेला जाऊ नये. शहागडजवळ गोदाकाठी पुराने आणून टाकलेला, उन्हात वाळलेला ओंडका चालेल. जालना शहरातून सांडपाणी घेऊन वाहणाऱ्या कुंडलिकेतला मात्र नको.

ओलं लाकूड पाण्यात सडतं आणि सडताना माशांच्या वाट्याचा प्राणवायू खातं. म्हणून आधी पूर्ण वाळवणं. नख रुतलं तर लाकूड आतून कुजलंय, चुलीत घाला. साल सोलून ताठ ब्रशने घासावं आणि मोठ्या पातेल्यात तासा-दोन तासांची उकळी द्यावी. साबण किंवा फिनेल अजिबात नको, लाकूड ते शोषून घेतं. पातेल्यात न मावणारा ओंडका बादलीत बुडवून रोज पाणी बदलावं. पाणी चहासारखं तांबूस होतं ते टॅनिनमुळे. बाभळीच्या सालीतल्या याच द्रव्याने कातडी कमावतात. त्याने पाणी किंचित आम्ल होतं, पण मराठवाड्याच्या काळ्या खडकातल्या बोअरचं क्षारयुक्त, जड पाणी ते सहज पचवतं. थोडा रंग राहिला तरी माशांना त्रास नाही.

तरंगणारं लाकूड शहाबादी फरशीच्या तुकड्याला स्टेनलेस स्टीलच्या स्क्रूने जखडावं. जालन्यात लोखंडाला तोटा नाही, पण साधा खिळा टाकीत गंजतो.

पहिल्या काही आठवड्यांत लाकडावर पांढरा, बुळबुळीत थर येतो आणि अनेकजण घाबरून सगळी टाकी रिकामी करतात. तशी गरज नाही. थर निरुपद्रवी असतो. ब्रशने काढावा, नाहीतर सकर माशावर सोपवावा.

पुढच्या आठवड्यात तळाची वाळू.