जेवता कधी?

सातारा जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयाचा व्हरांडा. नऊ वाजताहेत आणि बाकं भरली आहेत. आज बीपी-शुगरच्या तपासणीचा दिवस, गावचा बाजारही आजच. पिशव्यांतून मेथीच्या जुड्या डोकावताहेत आणि त्यांच्याच खाली प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले केसपेपर.

टेबलाशी पन्नाशीचा एक शेतमजूर बसला आहे. मशीनवर 312 आकडा येतो.

“दादा, गोळ्या संपल्या होत्या का?”

“न्हाय, हायेत की.” तो खिशातून पाकीट काढतो. दोनतीनच गोळ्या फोडलेल्या. बाकावरचे लोक आता बोलणी ऐकायला मिळणार म्हणून माना वळवतात. सिस्टर मात्र पेन खाली ठेवतात.

“गोळी घेता कधी?”

“पहाटं, चहासंगं. पाचला रानात जावं लागतं.”

“आणि जेवता कधी?”

“अकराला भाकरी सोडतो.”

“मग मधल्या वेळात काय होतं?”

तो जरा थांबतो. “हातपाय थरथरत्यात. घाम फुटतो. एकदा बांधावरच बसलो. तवापास्नं बंद केली.”

पाकिटावर ग्लिमेपिराइड लिहिलं आहे. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो. म्हणूनच ती दिवसाच्या पहिल्या मोठ्या जेवणासोबत घ्यायची असते. केसपेपरवर फक्त ‘सकाळी 1’ लिहिलेलं आहे. ज्याची सकाळ पाचला सुरू होते आणि जेवण अकराला, त्याने त्यातून काय समजायचं? या माणसाला बेफिकीर म्हणणं अन्याय आहे. अंगाने जे सांगितलं ते त्याने ऐकलं. त्याचा दिवस कसा जातो, हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

सिस्टर कागद घेऊन डॉक्टरांकडे जातात आणि परत येतात. “गोळी आता भाकरीच्या फडक्यात बांधायची. पहिल्या घासाबरोबर घ्यायची. खिशात साखरेची पुडी ठेवा, थरथर सुटली की आधी ती तोंडात टाका.”

पुढे एक आजी. दंडाला पट्टा बांधताच विचारतात, “वरचा किती? एकशेचाळीसच्या आत हाय का?” लिहिता-वाचता येत नाही, पण आपला आकडा पाठ आहे, नात तो कॅलेंडरवर मांडून ठेवते. उच्च रक्तदाब नियंत्रणाच्या राष्ट्रीय उपक्रमात सातारा पहिल्या टप्प्यापासून आहे. महिन्याच्या गोळ्या गावाजवळच्या उपकेंद्रात देण्यावर त्यात भर आहे, आणि आजींना त्या तिथेच मिळतात. एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी वाचते, म्हणून गोळी चुकत नाही. माझ्या मते आजींच्या शिस्तीत या जवळच्या उपकेंद्राचा वाटा मोठा आहे.

त्यांच्या शेजारची बाई मीठ कमी करायचं ऐकून पुटपुटते, “सात माणसांचा सैपाक. माझ्या एकटीचं येगळं कोण खाऊ घालणार?” सिस्टर सांगतात, “पुढच्या वेळी सूनबाईंना घेऊन या. मी बोलते.”

इतक्यात तो मजूर फाटकापासून मागे वळून येतो. गोळ्या अजून हातातच आहेत.

“सिस्टर, एकादशीला मी जेवत न्हाय. त्या दिवशी गोळीचं काय करायचं?”

सिस्टर उठतात. “चांगलं विचारलंत, दादा. चला, डॉक्टरांकडनंच लिहून घेऊ.”