मेर बेटाचा सातबारा

टाउन्सव्हिल, ऑस्ट्रेलिया, 4 जून

काल इथे ‘माबो दिवस’ साजरा झाला. तिकडे टोरेस सामुद्रधुनीत या दिवसाची सुट्टी असते, टाउन्सव्हिलमध्ये नसते. तरी या शहराचा त्यावर हक्क मोठा. ज्यांच्या नावाचा हा दिवस, ते एडी कोइकी माबो इथल्याच विद्यापीठात माळी होते. विद्यापीठाचं नाव जेम्स कुक. 1770 मध्ये निशाण रोवून सगळा पूर्व किनारा ब्रिटिश राजाच्या नावे करणारा तो हाच कुक, आणि निशाण रोवलं तेही टोरेस सामुद्रधुनीतल्याच एका बेटावर. आज या विद्यापीठाच्या ग्रंथालयाला माबोंचं नाव आहे.

1970च्या दशकात हेन्री रेनॉल्ड्स आणि नोएल लूस या प्राध्यापकांशी माबोंच्या गप्पा होत. टोरेस सामुद्रधुनीतल्या मेर बेटावरची आपली जमीन हा विषय त्यांच्या बोलण्यात सारखा यायचा. शेवटी एकदा प्राध्यापकांना सांगावंच लागलं, की कायद्याच्या लेखी ती तुमची नाही, सरकारची आहे. क्वीन्सलँडच्या सरकारने 1879 मध्ये तिथली बेटं ताब्यात घेतली, तेव्हापासूनच. माबोंचा यावर विश्वासच बसेना.

मेर हे पापुआ न्यू गिनीच्या बाजूचं, ज्वालामुखीच्या सुपीक मातीचं छोटं बेट. तिथले मेरियम लोक पिढ्यान्‌पिढ्या बागायत करत आलेले. कुणाची वाडी कुठे संपते हे दगडांवरून, झाडांवरून ठरलेलं, आणि घराण्याघराण्यांत चालत आलेलं. दुसऱ्याच्या हद्दीत पाऊल टाकू नये, हा त्यांच्या मालो देवाचा नियम. वहिवाट पक्की होती, नव्हता तो फक्त सातबारा.

माबोंचा खटला उभा राहू शकला तो बराचसा या वाड्यांमुळे, असं मला वाटतं. 1971 मध्ये उत्तरेकडच्या गोव्ह द्वीपकल्पातले योल्ङू लोक बॉक्साइटच्या खाणीविरुद्ध कोर्टात हरले होते. तुमचे कायदेकानू आहेत हे न्यायमूर्तींनी मान्य केलं, पण जमिनीशी तुमचं नातं मालकीचं नव्हे, असं ठरवलं. शिकार करत फिरणाऱ्यापेक्षा बांध राखणारा बागाईतदार इंग्रजी कायद्याला लवकर ओळखू येतो.

20 मे 1982 रोजी माबो आणि आणखी चार मेरवासीयांनी दावा लावला. 1985 मध्ये क्वीन्सलँडने कायदाच केला: बेटवासीयांचे काही हक्क असलेच, तर ते 1879 पासून संपले, भरपाईही मिळणार नाही. दावा चालू असताना दाव्याचा विषयच पुसून टाकायचा! ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने (इथलं सर्वोच्च न्यायालय तेच) 1988 मध्ये चार विरुद्ध तीन मतांनी हा डाव हाणून पाडला. त्यानंतर साक्षीपुराव्यासाठी क्वीन्सलँडचे न्यायमूर्ती थेट मेरवर गेले. त्यांचा एक निष्कर्ष उत्सवाच्या भाषणांत सहसा येत नाही. एडी ज्यांचा वारसा सांगत होते त्या बेनी माबोंचे ते दत्तक पुत्र असल्याचं सिद्ध होत नाही, सबब त्यांचा स्वतःचा दावा टिकत नाही, असं त्यांनी ठरवलं.

21 जानेवारी 1992 ला माबो कर्करोगाने गेले. निकाल आला 3 जूनला, सहा विरुद्ध एक. ब्रिटिश आले तेव्हा ही भूमी बेवारस नव्हती, आणि मेरियम लोकांचा मेरवरचा हक्क शाबूत आहे. बरोबर तीन वर्षांनी टाउन्सव्हिलमधल्या माबोंच्या कबरीवर नव्या शिळेचं अनावरण झालं, तर लगेच कुणीतरी तिच्यावर नाझी चिन्हं फासली. शेवटी कुटुंबाने त्यांना मेरवर नेऊन पुन्हा दफन केलं.

निकालानंतर इथे हाकाटी उठली, की आता लोकांची परसंही जाणार. खरं तर निकालातच स्पष्ट होतं, की सरकारने जमीन कुणाला पूर्ण मालकीने दिली असेल, तर मूळ हक्क तिथेच संपला. म्हणजे सिडनी, मेलबर्नमधले खासगी मालकीचे भूखंड गेले ते गेलेच. उरलेल्या जमिनीवर दावा सांगण्याची सोय 1993च्या कायद्याने झाली, पण त्यातही खाणीला सरळ नकार देता येत नाही, वाटाघाट तेवढी करता येते.

शिवाय दावेदाराने दाखवायचं, की ब्रिटिश अंमल आल्यापासून आजवर आपल्या परंपरांचा आणि जमिनीशी नात्याचा धागा तुटलेला नाही. मेरवर हे जमलं, कारण तिथे गोरे शेतकरी येऊन बसलेच नाहीत. व्हिक्टोरिया आणि न्यू साउथ वेल्सच्या सीमेवरच्या योर्टा योर्टा लोकांचं तसं नव्हतं. मेंढपाळांनी जमिनी बळकावल्या, उरलेले लोक मिशनच्या वस्त्यांत गेले. 1881 मध्ये त्यांच्यातल्या काहींनी राज्यपालांकडे अर्ज केला, की आमची सगळी जमीन गेली, कसण्यापुरती तरी द्या. 1998 मध्ये न्यायमूर्तींनी हाच अर्ज त्यांच्याविरुद्ध पुरावा धरला: पूर्वीची जीवनपद्धती तुम्ही तेव्हाच सोडली होती. 2002 मध्ये हायकोर्टानेही त्यांचं अपील फेटाळलं. ज्याचं सर्वाधिक लुटलं गेलं, त्याचाच पुरावा सर्वांत लंगडा, असा हा कायदा आहे. आपला 2006चा वनहक्क कायदा राबवताना काय काय होतं ते गडचिरोलीचे लोक सांगतीलच, पण तिथे दावा निदान ग्रामसभेपासून सुरू होतो आणि गावच्या वडीलधाऱ्यांचा जबाब पुरावा म्हणून चालतो. इथे बहुतेकदा वकील आणि मानववंशशास्त्रज्ञांची फौज लागते, आणि वर्षं निघून जातात.

जाहीर सभांच्या सुरुवातीला या भूमीच्या मूळ मालकांना वंदन करण्याची रीत आता रुळली आहे. तिला पैसे पडत नाहीत. याच देशाने ऑक्टोबर 2023 मध्ये मूलनिवासींना संसदेपुढे आपलं म्हणणं मांडणारं मंडळ देण्याची घटनादुरुस्ती सुमारे साठ टक्के मतांनी नाकारली.

पैशांचा प्रश्न आता गोव्हहूनच आला आहे. 1971च्या खटल्यात युनुपिंगू नावाचा योल्ङू तरुण दुभाष्याचं काम करत होता. पुढे मोठा नेता झालेल्या याच युनुपिंगूंनी 2019 मध्ये त्या खाणीच्या जमिनीची भरपाई केंद्र सरकारकडे मागितली. एप्रिल 2023 मध्ये ते वारले. मार्च 2025 मध्ये हायकोर्टाने मान्य केलं, की मूलनिवासींचा हक्क हीसुद्धा मालमत्ताच, आणि ती हिरावली तर घटनेप्रमाणे रास्त मोबदला द्यावा लागेल. किती, ते मात्र या निकालाने ठरवलेलं नाही.